जमिनीचा धनी आणि जमिनीचा कबजेदार

शेतजमीन उचलून नेतां येत नाहीं, म्हणून ती चोरीस जातच नाहीं, अशी शहरांत राहणाऱ्या जमीनमालकांची एक गोड समजूत असते. घरांतील दागिना हरवला तर त्याच दिवशीं बोभाटा होतो. जमीन हरवते ती मात्र मुळींच आवाज न करतां. एके वर्षीं शेजारी बांध कोरतो. दुसऱ्या वर्षीं पेरतां पेरतां त्याची पाभर दोन तास अलीकडे येते. जुना वाटेकरी मरण पावतो. त्याचा मुलगा एक-दोन सुगींचीं ज्वारीचीं पोतीं पाठवितो आणि पुढें पाठवीनासा होतो. इकडे पुण्यामुंबईस घरधन्याच्या मुलांच्या परीक्षा, नोकऱ्या, लग्नें चाललेलीं असतात, आणि 'पुढच्या सुट्टींत एकदां जाऊन येऊं' असें म्हणतां म्हणतां दहा-बारा वर्षें निघून जातात. मग कोणी तरी उतारा काढतो, गांवीं जातो, आणि आपल्या जमिनीवर दुसराच कोणी आपली म्हणून उभा आहे असें त्याला दिसतें.

अशा वेळीं धन्यानें काय करावें, हा प्रश्न वकिलाच्या कचेरींतला म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे चाल आहे. आम्हांस तो इतिहासाचाही वाटतो. जमिनीचा धनी निराळा आणि तिच्यावर बसलेला निराळा, असें झालें म्हणजे कायद्यानें कोणाच्या बाजूस उभें राहावें, याचें उत्तर आपल्या देशांत दर पन्नास-साठ वर्षांनीं बदललें आहे. आणि तें बदलत असतां त्याचे बरेवाईट परिणाम जितके बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांनीं सोसले तितके फार थोड्या मुलखांनीं सोसले असतील. तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी प्रथम येथें झाली, सावकाराविरुद्धचा दंगा येथें पेटला, निरेच्या कालव्यानें कोरडवाहू माळाचें सोनें येथें झालें, आणि साखर कारखान्यास खंडानें दिलेली जमीन परत मिळावी म्हणून दोन पिढ्या येथेंच झगडल्या.

मराठी राज्यांत जमिनीचा खरा धनी म्हणजे मिरासदार. त्याच्यापाशीं मिरासपत्र असे, गांवच्या थळांत त्याच्या कुळाचें नांव असे, आणि सारा भरला नाहीं किंवा दुष्काळांत तो परागंदा झाला तरी त्याचा हक्क लगेच बुडत नसे. मागें राहिलेल्या त्याच्या शेतांत पाटील एखादा उपरी आणून बसवी. उपऱ्यानें जमीन कसावी, सरकारचा वसूल द्यावा, आणि मिरासदार परत आला म्हणजे मधल्या देण्याघेण्याचा हिशोब करून जमीन मोकळी करून द्यावी, असा रिवाज होता. कुळांतील कोणीच उरलें नाहीं तर ती जमीन गतकुळ ठरे आणि गांवकरी ती दुसऱ्यास मिरास करून देत. म्हणजे नुसत्या बसण्यानें कोणी धनी होत नसे. धनी व्हावयास गोताची साक्ष व कागद लागे. तंटा पडला तर गोतसभा बसे, दोन्ही पक्षांकडून निवाडा मान्य करण्याबद्दल राजीनामे व जामीन घेतले जात, महजर होई, आणि हरलेल्या पक्षाकडून येजितखत लिहून घेत. साक्षीपुराव्यानें उलगडा झाला नाहीं तर दिव्यापर्यंत पाळी येई. उकळत्या तेलांतून रवा काढून हद्दीचा खरेपणा सिद्ध केल्याचे कागद आपल्या संशोधकांनीं पुष्कळ छापलेले आहेत. या पद्धतीचें आम्ही गोडवे गात नाहीं. तींत वेळ बेसुमार जाई, आणि बलवानापुढें गोताची जीभ अडखळे. तथापि गैरहजर धन्याची आठवण गांव धरून ठेवी, एवढा गुण तिच्यांत होता खरा.

बलवानाची गोष्ट निघाली म्हणून सुप्याची आठवण होते. पुणें, सुपें, इंदापूर हे शहाजीराजांच्या जहागिरीचे परगणे. सुप्यावर राजांचे मेहुणे संभाजी मोहिते होते, आणि ते शिवरायांचा अंमल मानावयास तयार नव्हते. महाल धन्याचा, पण कबजा दुसऱ्याचा! शिमग्याच्या पोस्ताचें निमित्त करून महाराज सुप्यास गेले आणि त्यांनीं मामांस कैद केलें, असें बखरकार सांगतात. ही गोष्ट १६५६ सालची समजतात. राज्य मिळविणाऱ्यास हा उपाय शोभला. सामान्य खातेदारानें मात्र त्याचें अनुकरण करूं नये. कां करूं नये तें पुढें येईलच.

१८०२ सालीं यशवंतराव होळकरांची स्वारी या मुलखावरून गेली आणि पाठोपाठ दुष्काळ आला. गांवेंच्या गांवें ओस पडलीं. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत मक्त्यानें वसूल करण्याच्या पद्धतीनें उरलेल्यांचें पाणी काढलें. इंग्रजी अंमल बसल्यावर प्रिंगलसाहेबानें मोठ्या शास्त्रोक्त हिशोबानें जमाबंदी ठरविली. ती १८३० च्या सुमारास इंदापुरास लागू झाली आणि कागदावर निर्दोष असूनही शेतकऱ्यास पेलेना. कुणबी शेतें टाकून निजामाच्या मुलखांत जाऊं लागले. तेव्हां १८३५-३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट या दोन तरुण अधिकाऱ्यांनीं इंदापुरांत नवी पाहणी केली, जमिनीची प्रतवारी लावून सारा खालीं आणला, आणि तो तीस वर्षें बदलणार नाहीं असें वचन दिलें. पुढें साऱ्या मुंबई इलाख्यास हीच पद्धत लागली. ओसाड रानें पुन्हां वहितीस आलीं, हें तिचें यश निर्विवाद आहे.

परंतु या पाहणीनें आणखीहि एक गोष्ट केली, आणि तिच्याकडे इतिहासकारांचें लक्ष कमी गेलें आहे असें आम्हांस वाटतें. प्रत्येक शेतास नंबर मिळाला, हद्दीवर दगड बसले, आणि त्या नंबरापुढें जो सारा भरील त्याचें नांव लागलें. मिरासपत्र कोणाच्या पेटींत आहे हें विचारण्याची सरकारास गरज उरली नाहीं. १८०२ नंतर परागंदा झालेल्या एखाद्या मिरासदाराचा नातू चाळीस वर्षांनीं परत आला असेल, तर त्याला आपल्या थळांत दुसऱ्याचा नंबर दिसला असेल. कुळाच्या आठवणीच्या जागीं आतां खातें आलें. खातें बदलावयाचें तर जुन्या खातेदारानें राजीनामा द्यावयाचा व नव्यानें कबुलायत, एवढें सोपें काम होतें. आणि १८६५ च्या कायद्यानें हा हक्क वारसानें चालणारा व विकतां येण्यासारखा ठरला. विकतां येतो तो गहाणहि टाकतां येतो, हें निराळें सांगावयास नकोच.

त्याच सुमारास काळाचाही हिशोब बदलला. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींतील १८२७ च्या पांचव्या रेग्युलेशनानें असें ठरविलें होतें कीं, धनी या नात्यानें तीस वर्षांहून अधिक अखंड वहिवाट असेल तर तीच मालकीचा पुरावा मानावी. तीस वर्षें म्हणजे एक पिढी. परागंदा माणसास परत यावयास तेवढा अवकाश पुरे होई. १८५९ सालीं सबंध हिंदुस्थानास मुदतीचा एकच कायदा लागू झाला आणि जमीन परत मिळविण्याच्या दाव्यास बारा वर्षांची मुदत पडली. १८७१ च्या कायद्यानें त्यावर कळस चढविला. मुदत गेली म्हणजे नुसता दावा बुडतो असें नव्हे, तर हक्कच नाहींसा होतो असें त्यांत स्पष्ट झालें. तीसाचे बारा झाले, आणि ते का झाले याची खबर गांवोगांवच्या खातेदारांस कोणी दिली नाहीं.

पण याच कायदेमंडळांनीं धन्याच्या हातीं दोन चांगलीं हत्यारेंहि दिलीं. पहिलें १८५९ च्याच कायद्याच्या पंधराव्या कलमांत होतें आणि पुढें १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टाच्या नवव्या कलमांत गेलें: कोणासहि त्याच्या संमतीवांचून व कायद्याच्या मार्गाबाहेर जमिनीवरून हुसकून लावलें असेल तर त्यानें सहा महिन्यांच्या आंत दिवाणी कोर्टांत यावें, मालक कोण याची चौकशी न करतां त्याला कबजा परत मिळेल. दुसरें हत्यार मुंबई इलाख्याचें खास आपलें. १८६४ च्या पांचव्या कायद्यानें मामलेदारास कोर्टाचे अधिकार मिळाले. १८७६ सालीं तो कायदा सुधारला, आणि १९०६ सालीं मामलेदार कोर्टांचा जो कायदा झाला तो आजहि जिवंत आहे. हुसकून लावलेल्यास कबजा परत देणें, हरकत करणाऱ्यास मनाई करणें, शेतांतून वाहणाऱ्या पाण्याच्या मार्गांतील अडथळा काढविणें, हीं कामें त्यांत येतात. मुदत सहा महिन्यांचीच. निकालावर अपील नाहीं; कलेक्टरकडे फेरतपासणी मात्र मागतां येते, आणि दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा होईपर्यंत मामलेदारानें ज्यास बसविलें तो बसतो. तालुक्याच्या गांवीं, ओळखीच्या भाषेंत, थोड्या खर्चांत मिळणारा असा दुसरा न्याय इंग्रजी अमदानींत क्वचितच निघाला असेल. ज्या वाचकांस हा इतिहास रुक्ष वाटेल त्यांनीं निदान 'सहा महिने' एवढे दोन शब्द तरी घरच्या पंचांगाच्या मागें लिहून ठेवावे.

आतां १८७५ सालाकडे वळूं; कारण धनी आणि कबजेदार या शब्दांचे अर्थ त्या सालीं जितके उलटेपालटे झाले तितके पुन्हां कधीं झाले नाहींत. आजचा बारामती तालुका त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत मोडत असे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१-६५) कापसाचे भाव कडाडले होते, शेतकऱ्याची पत वाढली होती, आणि सावकारानें ती मोकळ्या हातानें वापरूं दिली होती. युद्ध संपलें, भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत भरली आणि १८६७ सालीं इंदापुरांत वाढीव सारा आला. पैशाच्या दाव्यास १८५९ च्या कायद्यानें तीन वर्षांचीच मुदत दिलेली. ऋणकोच्या भल्यासाठीं केलेला हा नियम त्याच्याच गळ्यास लागला, कारण सावकार दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहून घेऊं लागला. खत कोर्टांत जाई. कुणबी बहुधा हजर राहत नसे. एकतर्फी हुकूमनामा होई. दरखास्त निघे आणि जमीन लिलावांत सावकारच घेई. पण सावकारास नांगर धरावयाचा नव्हता. तो बहुधा त्याच कुणब्यास त्याच शेतांत खंडानें ठेवी. काल जो धनी होता तो आज दुसऱ्याच्या मर्जीचा कबजेदार झाला, आणि तरी बैल तेच, बांध तोच, विहीरहि तीच!

शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं १८७४ च्या डिसेंबरांत काळूराम नांवाच्या सावकारानें बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशें रुपयांचा हुकूमनामा बजावला आणि त्यांचें घर पाडविलें. कायद्यानें त्याला तो अधिकार होता. गांवास मात्र तें सहन झालें नाहीं. गांवानें सावकारांवर बहिष्कार टाकला, न्हावी-परटांनीं त्यांचीं कामें सोडलीं. ही लाट पसरत जाऊन १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, सुप्यास फुटली. दुकानें लुटलीं गेलीं, घरांस आग लागली. पण दंगेखोरांचा खरा रोख खतांवर व हुकूमनाम्यांवर होता. कागद हातीं दिले तेथें माणसास बहुधा इजा झाली नाहीं. पुणें व नगर या दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ लोक पकडले गेले आणि त्यांपैकी ५०१ जणांस शिक्षा झाल्या.

या दंग्याचें समर्थन करण्याचा आमचा हेतु नाहीं. जाळपोळीनें कोणाचा कर्जाचा प्रश्न सुटत नसतो, आणि सुप्याचे सगळेच वाणी लबाड होते असेंहि नव्हे. तथापि जमिनीच्या कबज्याचा इतिहास लिहितांना हें नजरेआड करतां येणार नाहीं कीं, सुप्याच्या बाजारांत जे लोक कागद जाळीत होते त्यांच्या दृष्टीनें जमीन बळकावणारा तो सावकार होता, आणि कोर्टाच्या दृष्टीनें तोच कायदेशीर धनी होता. आज आपण 'घुसखोर' हा शब्द जितक्या सहज उच्चारतों तितक्या सहज तो भीमथडींत उच्चारतां आला नसता.

सरकारनें कमिशन नेमलें, आणि त्याच्या अहवालांतून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला. पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता हा कायदा होता. खत काय म्हणतें एवढ्यावर न थांबतां व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशोब तपासावा, कर्जासाठीं शेतकऱ्यास तुरुंगांत टाकूं नये, आणि जी जमीन स्पष्टपणें गहाण दिलेली नाहीं ती नुसत्या पैशाच्या हुकूमनाम्यांत विकूं नये, अशीं कलमें त्यांत होतीं. या कायद्याच्या अंमलबजावणीचें काम पुढें न्यायमूर्ति रानडे यांच्याकडे आलें. १८८१ पासून त्यांनीं तालुक्यातालुक्यांतून हिंडून खालच्या न्यायाधीशांचीं कामें तपासलीं आणि १८८७ सालीं ते या कायद्याखालील विशेष न्यायाधीश झाले. पुण्याच्या सभांतून बोलणारे रानडे आपणांस परिचित आहेत. गांवोगांवच्या खतांच्या रासांत बसलेले रानडे तितके परिचित नाहींत, आणि आमच्या मतें त्यांच्या अर्थशास्त्राचें मूळ तेथें शोधलें पाहिजे.

पुढची गोष्ट पाण्याची. निरेचा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागला, आणि त्याच्याखालीं आलेल्या बारामती-इंदापुरच्या जमिनींची किंमत पार बदलली. जोंवर माळावर बाजरी होती तोंवर दोन तास इकडे-तिकडे झाल्याची कोणास क्षिति नव्हती. ऊस आला आणि हाताहातावर तंटे सुरू झाले. त्यांस आळा घालावयास १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा आला. आजचा 'सात-बारा' हा त्याचाच वंशज. सातव्या नमुन्यांत हक्क, बाराव्यांत पीक. या नोंदी उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानाव्या असें कायदा सांगतो, परंतु नोंद म्हणजे मालकी नव्हे हेंहि न्यायालयें पुनःपुन्हां सांगत आलीं आहेत. आमच्या लोकांनीं यांतील पहिलें वाक्य तेवढें पाठ केलें आणि उतारा देवघरांत ठेवून दिला.

त्या निश्चिंतपणाची किंमत पुढच्या पिढीनें दिली. १९३९ सालीं मुंबई सरकारनें कुळांच्या संरक्षणाचा पहिला कायदा केला आणि १९४८ सालीं त्याच्या जागीं कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आणला. त्याच सालच्या जाळपोळीनंतर खेड्यांतलीं पुष्कळ पांढरपेशी कुटुंबें शहरांत येऊन राहिलीं होतीं व त्यांच्या जमिनी दुसऱ्यांच्या हातीं होत्या. नव्या कायद्याचें चौथें कलम असें कीं, दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा माणूस, तो मालकाच्या घरचा, मजुरीचा गडी किंवा कबजेगहाणदार नसेल तर, कूळच मानला जावा. 'तुम्हीच बघा हो पाटील, आम्ही काय येणार!' असें तोंडीं सांगून दिलेली जमीन या कलमांत अलगद सांपडली. स्वतः कसण्यासाठीं जमीन मागण्याची मुदत १९५६ च्या अखेरीस संपली, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन; त्या दिवशीं कायदेशीर कूळ जमीन विकत घेतलेला मालक मानला गेला. किंमत साऱ्याच्या वीस पटीपासून दोनशें पटीपर्यंत ठरावयाची. विधवा, अज्ञान मुलें, अपंग व सैन्यांतील माणसें यांच्या जमिनींबाबत कुळाचा हा हक्क पुढें ढकललेला होता. या सवलतीची माहिती नसल्यामुळें वेळेवर अर्ज न करणाऱ्यांचें नुकसान झालें.

या कायद्यानें अन्याय झाला, अशी तक्रार आमच्या वर्गांत अजून ऐकूं येते. कांहीं घरांवर तो झालाहि. एकट्या विधवेचें पोट त्या चार एकरांवर होतें आणि तिच्या हातीं थोडेसे हप्ते पडले, अशीं उदाहरणें कोणास ठाऊक नाहींत? परंतु ज्यानें तीन पिढ्या तें रान राखलें, विहिरीचा गाळ काढला, दुष्काळांत बैल विकून सारा भरला, त्याला त्याच सुप्याच्या आसमंतांत कायद्यानें प्रथमच 'ही तुझी' म्हटलें, हें विसरून आमच्या तक्रारीस वजन येणार नाहीं.

धनी होऊनहि मुकावें लागल्याची उलट बाजूची कथा इंदापुरांतच आहे. वालचंद हिराचंद यांनीं कळंबच्या माळावर उसाचे मळे केले, १९३० च्या दशकांत साखर कारखाना उभारला आणि वालचंदनगर वसलें. अशा कारखान्यांस हजारों एकर लागत. त्यांतले कांहीं विकत घेतलेले, कांहीं आसपासच्या शेतकऱ्यांकडून लांब मुदतीच्या खंडानें घेतलेले असत. १९६१ च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्यानें कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या, आणि १९६३ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे वालचंदनगर व रत्नापुरी येथील मळे गेले. ज्यांनीं फक्त खंडानें दिली होती त्यांची जमीनहि त्याबरोबर गेली. हे 'खंडकरी' सरकारास घुसखोर म्हणूं शकत नव्हते, आणि कारखान्याशीं त्यांचा करारच उरला नव्हता. मोर्चे, अर्ज, दावे यांत जवळजवळ अर्धें शतक गेलें आणि २०१२ सालीं जमिनी परत वांटण्यास आरंभ झाला. खंडानें देणारे बहुतेक तोंवर हयात नव्हते.

आज धन्यास काय करतां येतें, तें आतां थोडक्यांत सांगतों. मोजणी हें पहिलें काम. भूमिअभिलेख खात्याकडे फी भरून हद्द कायम करून घेतल्यावांचून वकिलाकडे जाऊं नये, कारण निम्मे दावे अतिक्रमण किती हें न सांगतां आल्यानें अडतात. नुकतेंच हुसकावलें असेल तर सहा महिन्यांच्या आंत मामलेदार कोर्ट, म्हणजे आजचा तहसीलदार. किंवा १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टाच्या सहाव्या कलमाचा दावा. मारामारीची धास्ती असेल तर कार्यकारी दंडाधिकारी कबजा कोणाचा होता याची चौकशी करून तो राखतो. जुन्या फौजदारी संहितेचें १४५ वें कलम आतां नव्या संहितेंत १६४ वें झालें आहे. कूळ असल्याची तक्रार निघाली कीं तो मुद्दा दिवाणी कोर्टास ठरवितां येत नाहीं. तो तहसीलदाराकडे पाठवावा लागतो व दावा तोंवर थांबतो, हें ध्यानांत असूं द्यावें. सहा महिने उलटले असतील तर मालकीच्या आधारें दिवाणी दावा, आणि त्यास बारा वर्षें.

स्वतः माणसें नेऊन हुसकून देण्याचा सुप्याचा मार्ग मात्र बंद आहे. पाऊल टाकणाऱ्यास तेथल्या तेथें अडविण्याचा धन्यास अधिकार आहे. पण एकदां त्याचें बस्तान बसलें म्हणजे खऱ्या मालकानेंहि कोर्टाच्याच वाटेनें गेलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें रामे गौडा यांच्या दाव्यांत (२००४) सांगितलें. दंडेलीनें हुसकलेला माणूस सहा महिन्यांत कोर्टांत गेला तर मालकासच उलट कबजा द्यावा लागेल.

बारा वर्षांविषयीं लोकांत भलतीच भीति आहे, आणि तिचा फायदा घेणारेहि आहेत. नुसतीं बारा वर्षें बसून कोणी मालक होत नाहीं. ती वहिवाट उघड, अखंड व मालकाच्या हक्कास नाकारणारी असली पाहिजे. वाटेकरी, राखणदार, भाडेकरू हे मालकाच्या परवानगीनें बसतात; त्यांचा कबजा पन्नास वर्षें झाला तरी तो मालकाविरुद्ध होत नाहीं. भावाभावांतहि तसेंच: गांवीं राहिलेला भाऊ सगळ्यांच्या वतीनें बसलेला मानतात, त्यानें इतरांचा हिस्सा उघड झिडकारला असेल तरच काळ मोजूं लागतो. गोव्यांतील एका घराबद्दल बहीण-भावाचा दावा होता. बहिणीचें घर भाऊ सांभाळीत असे व पुढें त्यानें कबज्याच्या जोरावर हक्क सांगितला. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं राखणदारास असा हक्क येत नाहीं म्हणून तो फेटाळला. शिवाय १९०८ च्या कायद्यांत ज्याचा कबजा गेला त्या धन्यास आपली बारा वर्षांतील वहिवाट सिद्ध करावी लागे. १९६३ पासून मालकीवर दावा केला असतां विरुद्ध वहिवाट केव्हां सुरू झाली हें सिद्ध करण्याचें ओझें कबजेदारावर पडलें. ही सुधारणा मोठी आहे आणि तिची वाच्यता फार थोडी झाली.

मग हा नियमच काढून टाकावा काय? २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो अप्रामाणिकास बक्षीस देणारा आहे असा ताशेरा मारून सरकारास त्याचा फेरविचार करावयास सांगितलें. २०१९ सालीं त्याच न्यायालयानें असाहि निर्णय दिला कीं, बारा वर्षें भरलेल्या कबजेदारास नुसता बचावच नव्हे तर मालकीचा दावाहि करतां येईल. २०२३ सालीं विधि आयोगानें २८० व्या अहवालांत कायदा बदलण्याची गरज नाहीं असें मत दिलें. आम्हांस आयोगाचें मत पटतें, पण अपुरें वाटतें. काळाची कांहीं मर्यादा नसेल तर १८०२ चे वारस आज इंदापुरांत उभे राहतील आणि कोणाचाच बांध सुरक्षित राहणार नाहीं. मात्र बारा वर्षें हा आंकडा ज्या सरकारनें घातला त्याला लोक गांव सोडून किती दूर जातील याची कल्पना नव्हती. एल्फिन्स्टनचीं तीस वर्षें आम्हांस अधिक न्याय्य वाटतात. सरकारनें स्वतःसाठीं तर तीच ठेवलीं आहेत. १९६३ पर्यंत साठ होतीं.

एक बदल अलीकडचा आहे. बाराव्या नमुन्यांतील पिकाची नोंद तलाठ्यानें शिवारांत फिरून करावी असा प्रघात होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि खातेदारानें स्वतः शेतांत उभें राहून मोबाइलवर पिकाचें छायाचित्र घ्यावयाचें असतें. शेत कोणाच्या नांवावर आहे हें तो यंत्रास सांगूं शकतो; मात्र छायाचित्र घ्यावयास त्याला त्या हंगामांत त्या बांधावर जावें लागतें.